गढूळ रक्ताचे भाऊबंद

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "वाघ दिसला का?" चंद्रपूर-गडचिरोलीला जाऊन आलेल्या माणसाला दुसरं काही दिसलं असेल, असं नाशिकला कोणाच्या डोक्यातच येत नाही. तर सांगून टाकते: वाघ दिसला नाही. मी तिकडे गेले होते रक्त पाहायला, आणि जाताना बरोबर बाटलीभर सोनं नेलं होतं. आता खुर्ची पुढे ओढलीत ना? बसा.

शरयू आणि मी कॉलेजच्या वसतिगृहात एका खोलीत राहायचो. पुढे मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि ती नागपूरला संशोधनाला गेली. तिचा विषय प्रथिनं. प्रथिन म्हणजे वरणातलं नव्हे, किंवा तेही, पण ती बोलते ते रेणूंबद्दल. प्रथिनाचा रेणू म्हणजे एक लांब माळ, आपापल्या ठरलेल्या घडीत दुमडून बसलेली. पेशीच्या आत तर बाजारात असावी तशी गर्दी. तरी हे रेणू एकमेकांच्या अंगाला अंग घासत जातात आणि चिकटत नाहीत, यावर आपण सगळे जिवंत आहोत. जिथे चिकटायला लागतात तिथे आजार. म्हातारपणी मेंदूत अशी ढेकळं साठतात आणि माणूस स्वतःच्या मुलाला ओळखेनासा होतो. शरयू सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर प्रथिनं बसवून पाहते. कधी ते कण प्रथिनांना गोळा करतात, कधी प्रथिनंच कणांना गोळा होऊ देत नाहीत. कोण कोणाला कधी आवरतं, याचा ती वीस वर्षं पाठलाग करते आहे.

या जानेवारीत ती सिकलसेलच्या तपासणीला गडचिरोलीच्या जंगलातल्या एका गावी निघाली होती. "तुझं तोंड बरोबर हवं," ती फोनवर म्हणाली. "मी बोलायला लागले की लोक झोपतात." असं आमंत्रण कोण सोडेल!

मूल

मूल म्हणजे धानाच्या गिरण्यांचं गाव. हवेत कोंड्याचा गोडसर वास, आणि खानावळीत भात. आमच्याकडे भात पंगतीच्या शेवटी येतो, इथे तो आधी येतो, मध्ये येतो आणि शेवटीही येतो. मी पोळी मागितली तेव्हा मालकांनी विचारलं, "तब्येत बरी नाई का बाई?"

त्यांनी माझी बाटली पाहिली. आत लालबुंद पाणी, डाळिंबाच्या रसासारखं. मी घरी सोन्याचा क्षार उकळून केलेलं. "हे सोनं आहे," मी म्हणाले, आणि अंगात नाटक असल्यामुळे समोरच्या रिकाम्या ग्लासात थोडं ओतून उजेडात धरलं. बघता बघता ते जांभळं झालं, मग निळं. ग्लास लिंबाच्या सरबताचा होता, खाली मिठाचं पाणी उरलेलं.

मालकांनी ग्लास उचलून हुंगला. मग मायेनं म्हणाले, "बाई, तुमाले कोनं तरी फसवलं."

फसवलं नव्हतं. कण सुटे असतात तोवर पाणी लाल दिसतं. मिठानं ते एकमेकांना चिकटले, गठ्ठे झाले, आणि रंग बदलला. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी जेवणाचे पैसे आधीच मागून घेतले.

नदीपलीकडे

सावली नावाचं गाव मागे पडलं आणि वैनगंगेचा पूल ओलांडला की जमिनीचा पोत बदलतो. धान कापून गेलेलं, पण बांध्या, म्हणजे धानाची शेतं, रिकाम्या नव्हत्या, धानाच्या खुंटांतून लाखोळीची डाळ उगवून निळ्या फुलांवर आली होती. मग जंगल. साग, मोह, ऐन, आणि मधेच एखादा तलाव, त्यात गुडघाभर पाण्यात उभ्या राहून मासळी धरणाऱ्या बायका. थंडी अशी की मी दोन स्वेटर घालून बसले होते. थंडीचं पुढे काम आहे, म्हणून सांगितलं.

गावाचं नाव मी सांगणार नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत. एका मुलीच्या लग्नाची ही गोष्ट आहे, आणि ती मुलगी वाचायला शिकलेली आहे.

शाळेच्या ओसरीत आमचं सामान मांडलं. लोक कुंपणापाशी उभे. पुढे येईना कोणी. तेव्हा मी माझी बाटली काढली. सगळ्यांत आधी सुगंधाबाई आल्या. पन्नाशीच्या, हातात विळा, तोंडानं विळ्याहून धारदार.

"बाई, सोनं लाल काऊन?"

"बारीक केलं म्हणून."

"किती बारीक?"

"तुमच्या एका केसाच्या जाडीत हजारो कण ओळीनं बसतील इतकं."

"मंग त्याचं डोरलं कसं बनंल?"

"नाही बनणार."

"मंग कायले केलं वो बारीक? घरी काम नोहोतं का तुमाले?"

कुंपण हसलं आणि पुढे सरकलं. मला हेच हवं होतं. दोन ग्लासांत लाल पाणी घेतलं. एकात पातळ केलेला अंड्याचा पांढरा बलक आधी मिसळला. मग दोन्हींत मीठ. बलक नसलेला ग्लास निळा पडला. बलकाचा ग्लास लाल तो लालच. "अंड्यातलं प्रथिन कणांच्या अंगावर जाऊन बसलं," मी हात पसरून सांगितलं, "आता मिठानं कितीही ढकललं तरी कण एकमेकांना भिडत नाहीत."

"मंजे अंडं मधात बसलं, अन दोघाइले जवळ नाई येऊ देत," एक काटकुळा तरुण म्हणाला. डोळे पिवळसर, हसू मोठं.

"माह्या मायसारखं," मागून एक मुलगी म्हणाली.

अख्खी ओसरी हसून लोळली. सुगंधाबाईंनी विळा उगारला. अशी माझी मैनाशी ओळख झाली. मैना सुगंधाबाईंची लेक, आणि तो काटकुळा तरुण त्यांचा भाचा. नाव बाजीराव. पुण्याच्या माणसानं हे नाव ऐकून घोडा शोधू नये. इकडे गोंडांत बाजीराव घरोघर असतात.

बाजीराव आपल्या वडिलांबरोबर, म्हणजे मंगरूभाऊंबरोबर, आत्याकडे आला होता तो लग्नाची तिथी धरायला. गोंडांत एक रीत आहे, तिला दूध लौटावा म्हणतात. बहीण लग्न होऊन दुसऱ्या घरी जाते, तेव्हा ते घर भावाच्या घराचं देणं लागतं. मग तिची लेक मामाच्या घरी सून म्हणून परत जाते, आणि आईचं दूध परत होतं. मैना जन्मली त्या दिवशीच ती मामाच्या घरची झालेली. आणि या दोघांकडे पाहून स्पष्ट दिसत होतं की रीत नसती तरी त्यांनी ती काढली असती.

आता तपासणी. बोट टोचून रक्ताचा थेंब नळीतल्या औषधात टाकायचा. आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. ते प्राणवायू वाहून नेतं. काही माणसांत त्या माळेतला एकच मणी वेगळा असतो. मग प्राणवायू सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून काठ्या बनतात, गोल पेशी विळ्यासारखी, इंग्रजीत 'सिकल'सारखी, वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते, आणि माणूस सांध्यासांध्यांत कळा येऊन तळमळतो. थंडीत जास्त. औषध तोच खेळ नळीत करून दाखवतं. प्रथिन चिकटलं तर पाणी गढूळ. नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर ठीक, नाही दिसल्या तर रक्तात सिकलचं प्रथिन आहे.

बहुतेकांच्या नळ्या स्वच्छ निघाल्या, थोड्यांच्या गढूळ. सुगंधाबाईंची गढूळ. मंगरूभाऊंची गढूळ. मैनेची गढूळ. बाजीरावची तर आंबिलीसारखी.

शरयूचा चेहरा उतरला. मंगरूभाऊंचा मात्र फुलला.

"पाहा गा!" त्यांनी नळ्या उंच धरल्या. "आमच्या घरचं रक्त घट्ट आहे! बाकीच्याइचं पाहा, नुसतं पाणी!"

स्वच्छ नळीवाले खरंच ओशाळले. एकजण शरयूला म्हणाला, "डाक्टरीनबाई, मायं अजून एकदा पाहा ना. मी सकाळी जेवलो नोहोतो."

शरयूनं समजवायला सुरुवात केली. आईकडून एक, वडिलांकडून एक, दोन्ही तसे असले तर, एकच असला तर. तिनं मातीत चौकोन काढले, चौकोनात अक्षरं लिहिली. लोक माना हलवत होते आणि म्हातारे डुलक्या घेत होते. मला राहवेना. मी सुगंधाबाईंना विचारलं, "तुमच्यात लग्न ठरवताना काय पाहतात?"

"कुळाचे देव किती, थे पायतेत," त्या म्हणाल्या. "लगीन झालं का बाई नवऱ्याच्या देवाची. आमी सात देवे. माया भाऊ सहा देवे. सात-सातात लगीन नाई होत. थे भाऊ-बहीण."

मी टाळी वाजवली. मग उभी राहिले, शेवटच्या अंकात राहतात तशी. "मग असं समजा, रक्तालाही एक देव असतो! नळी गढूळ झाली ते सगळे एका देवाचे. त्यांनी आपसात लग्न करायचं नाही. स्वच्छ नळीशी करायचं."

 म्हातारे जागे झाले. सगळ्यांना एका क्षणात समजलं, आणि मंगरूभाऊंनी हातातल्या नळ्या हळूच खाली ठेवल्या. मैना आणि बाजीराव एकमेकांकडे पाहत नव्हते.

परतताना जीपमध्ये शरयू नळ्यांच्या नोंदी वहीत उतरवत होती. मी कौतुकाची वाट पाहत होते. शेवटी ती म्हणाली, "तू त्यांना विज्ञान सांगितलंस की नवीन जात काढून दिलीस?"

आरमोरी

गढूळ नळी एवढंच सांगते की ते प्रथिन आहे. ते निम्मं आहे की सगळंच, हे सांगत नाही. निम्मं असेल तर माणूस धडधाकट जगतो, फक्त पुढच्या पिढीला देऊ शकतो. सगळंच तसं असेल तर तो आजारी. हे ओळखायला वीज लागते, म्हणून रक्ताचे नमुने घेऊन आम्ही आरमोरीला आलो. तिथल्या दवाखान्यात शरयूच्या ओळखीनं एक खोली मिळाली.

मला हा प्रयोग फार आवडतो. ओल्या पट्टीच्या एका टोकाला रक्ताचे ठिपके ठेवायचे आणि वीज सोडायची. प्रथिनं धावायला लागतात. नेहमीचं पुढे पळतं, सिकलचं मागे रेंगाळतं. शर्यत अर्ध्यावर आली आणि वीज गेली. शरयूनं जे शब्द वापरले ते मी वसतिगृहानंतर ऐकले नव्हते.

वीज येईपर्यंत बाजारात जेवलो. लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि तलावातली मासळी. कोकणात माशाला कोकम, इथे अंबाडीचा आंबटपणा, जिभेच्या कडेनं हळूच वर येणारा. फार खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून लाखोळीला शहरातले डॉक्टर नाक मुरडतात, शरयूनंही मुरडलं आणि मग माझ्या ताटातले दोन वडे उचलले. खाता खाता मी विचारलं, "दोघंही निम्मे निघाले तर?"

"तर चारातल्या एका मुलाला धोका. तेवढ्यावर लोक लग्न करतात."

"आणि बाजीराव पूर्ण निघाला तर?"

तिनं वडा खाली ठेवला. आम्हा दोघींना त्याचे पिवळे डोळे आठवत होते.

दुपारी पट्टी पूर्ण झाली. मैनेच्या जागी दोन रेघा, एक पुढे, एक मागे. बाजीरावच्या जागी एकच, मागची. पाहायला किती नाजूक होती ती रेघ, पेन्सिलीनं सहज ओढावी तशी.

"प्रत्येक मूल," शरयू म्हणाली, "छापा की काटा. बापाकडून हे येणारच, आईकडून निम्म्या वेळा."

पुन्हा गावात

दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा गावात गढूळ नळीवाल्यांचा मेळावा भरला होता. मस्करी करत नाही. बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारे दोघे शेजारी एका बाजेवर बसून विडी ओढत होते. दोघांच्या नळ्या गढूळ निघाल्या होत्या, म्हणजे एक देव, म्हणजे भाऊ. स्वच्छ नळीची एक म्हातारी माझ्या अंगावर आली. "बाई, आमचा देव कोनता, थे तं तुमी सांगतलंच नाई. आमी का बिनादेवाचे आहो?"

शरयूनं माझ्याकडे पाहिलं. मी तलावाकडे पाहिलं.

शरयूला मैना आणि बाजीरावशी एकांतात बोलायचं होतं. एकांत मिळाला, म्हणजे असा की ते दोघं ओसरीत बसले आणि सगळं गाव सभ्यपणे कुंपणाबाहेर उभं राहून ऐकत होतं. यावेळी शरयूनं चौकोन काढले नाहीत. तिनं पट्टीच दाखवली. ही तुझी, ही याची.

बाजीरावनं आपल्या एका रेघेवर बोट ठेवलं. "मंजे हिवात मायं आंग धरते, मी कामावर नाई जाऊ शकत, थे याच्याचपाई?"

"त्याच्यामुळेच. तो आजार आहे. पाणी भरपूर पी, आणि थंडीत उन्हात बस."

त्यानं मान वर करून कुंपणाकडे पाहिलं. "आयकलं का गा, बाबा? मी कामचोर नाई."

 मंगरूभाऊंच्या काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी घट्ट धरलं.

मैनेचा प्रश्न वेगळा होता. "आमाले पोरं झाले, तं सगळे असेच होतीन?"

"सगळे नाही. प्रत्येक वेळी अर्धी शक्यता."

"अना कोनतं होईन, थे आधी समजते?"

"पोटात असताना तपासता येतं, पण फार मोठ्या शहरात. इथून जाऊन ते जमवणं कठीण आहे, हे मी तुला खोटं सांगणार नाही. पण लग्न करू नका असंही मी सांगणार नाही. ते तुम्ही ठरवायचं."

मैनेनं पट्टी हातात घेतली. तेव्हा मंगरूभाऊ आत आले आणि त्यांनी कागद सोडला. आत हिरवं लुगडं होतं. त्यांचा चेहरा सुटल्यासारखा दिसत होता, आणि आता मला कळलं का. लग्न मोडलं तर बहिणीनं दूध परत केलं नाही, किंवा भावानं नाकारलं, कोणाच्या तरी माथी ते बसणारच. पण ही दोघं भाऊ-बहीणच असतील तर कोणीच काही मोडलं नाही. देवानंच ठरवलं. बाजीरावनं मैनेला बहीण म्हणून लुगडं द्यायचं, तिनं त्याला भाऊ म्हणून ओवाळायचं, आणि दोन्ही घरं सुखी.

"घे पोरी," मंगरूभाऊ म्हणाले. "आता थो तुया भाऊ."

सुगंधाबाई डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. त्यांना हायसं वाटत होतं. खरं सांगायचं तर मलाही. माझ्या एका वाक्यानं भांडण वाचलं होतं, आणि मी मनातल्या मनात पडदा पाडत होते.

मैना उठली.

"मामा, लगीन मी नाई करत," ती म्हणाली. "मी याले लहानपनापासून हिवात कन्हतानी पाह्यलं. तसं माह्यं पोट्टं कन्हंल, थे माह्यानं नाई पाहावनार." तिनं लुगड्यावर कागद परत गुंडाळला. "पन लुगडं मी घेत नाई. भाऊ मी याले म्हननार नाई."

"असं कसं वो?" मंगरूभाऊ गोंधळले. "बाईनंच सांगतलं ना. दोघं एका देवाचे."

मैनेनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मुलं जादूगाराच्या बाहीकडे पाहतात तसं. "थे बाईनं समजावासाठी सांगतलं. नळी खरी आहे, पट्टी खरी आहे. देव बाईनं बनवला."

मी आयुष्यात बऱ्याच प्रेक्षकांसमोर उभी राहिले आहे, पण इतक्या स्वच्छपणे कोणी मला रंगमंचावरून खाली उतरवलं नव्हतं. "बरोबर आहे," मी मंगरूभाऊंना म्हणाले. "मी बनवला. ही दोघं भाऊ-बहीण नाहीत. तुमच्या रीतीत ती अजूनही नवरा-बायको होऊ शकतात. नाही म्हणते आहे ती मैना."

मंगरूभाऊ खाली बसले. लुगडं मांडीवर तसंच. कुंपणाबाहेर बाजेवरचे ते दोघे नवे भाऊ एकमेकांपासून थोडे सरकून बसले, विडी मात्र अर्धीअर्धी झाली होती, ती त्यांनी संपवली. सुगंधाबाई लेकीकडे निघाल्या होत्या, त्या भावाकडे वळल्या. मग त्या मंगरूभाऊंच्या शेजारी जाऊन बसल्या, इतक्या जवळ की खांद्याला खांदा लागला, आणि दोघं एकमेकांकडे न पाहता समोर पाहत राहिली.

"मंग मी तुया कोन?" बाजीरावनं विचारलं. हसत विचारलं, पण ते हसू पहिल्या दिवसापेक्षा लहान होतं.

"थे मले अजून समजलं नाई," मैना म्हणाली. "समजलं का सांगीन."

ती घरात गेली. आम्हाला वाटलं, झालं. पण ती लगेच परत आली, हातात काठोकाठ भरलेला लोटा. तो तिनं बाजीरावसमोर ठेवला.

"पी. डाक्टरीनबाई मनते, तुले पानी जास्त पेलं पाह्यजे. अना उन्हात सरक, सावलीत कायले बसला?"

तो उन्हात सरकला. लोटा उचलून वरून, घटाघट, थेंब न सांडता प्यायला. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, लोटा रिकामा होईपर्यंत. सगळं गाव पाहत होतं, आणि ती कोणत्या नात्यानं त्याला पाणी पाजते आहे, हे विचारायची कोणाची छाती नव्हती.